पडद्यापलीकडचं भाडं

छपराचं भाडं असतं, पलंगाचं असतं, इतपत मला ठाऊक होतं. खिडकीबाहेर जे दिसतं त्याचंही भाडं असतं, हे थीम पार्कच्या आवारातल्या हॉटेलात खोली शोधायला बसलो तेव्हा कळलं. पलंग तोच, पडदाही तोच. पण पडदा सरकवल्यावर पार्क दिसलं तर एक दर, तरणतलाव दिसला तर दुसरा, आणि धड काहीच दिसलं नाही तर 'स्टँडर्ड व्ह्यू'.

"आपण पडदा लावूनच झोपतो," मी म्हणालो.

"मग घरीच झोपू की," ही म्हणाली.

बरं, दर एका जागी ठरेल तर शपथ! मंगळवारी माणसांत असलेला आकडा शनिवारी अंगात आल्यासारखा घुमत होता. शाळांच्या सुट्टीत तर बघायलाच नको. चिरंजिवांची शाळा आठवडाभर बुडवली तर एवढे पैसे वाचत होते, की शिक्षणाने माणसाचं खरंच भलं होतं का, असा प्रश्न मला पहिल्यांदाच पडला.

पार्कच्या कुंपणाबाहेरची हॉटेलं बरीच स्वस्त होती. पण आवारात राहणाऱ्यांना पार्कात अर्धा तास आधी सोडतात. दोन्ही भाड्यांतला फरक मी तीस मिनिटांनी भागला, आलेला आकडा माझ्या पगाराच्या मिनिटाशेजारी ठेवला आणि कॅल्क्युलेटर मिटून टाकला.

या दुखण्याचं मूळ जुनं आहे. १९५५ साली कॅलिफोर्नियात अॅनाहाइमला डिस्नीलँड उघडलं, तेव्हा वॉल्ट डिस्नींचा सगळा पैसा पार्कातच जिरला होता. म्हणून हॉटेल बांधलं टीव्ही-निर्माते जॅक रॅदर यांनी. पाटी 'डिस्नीलँड हॉटेल', गल्ला रॅदरांचा. आजूबाजूला मोटेलं उगवली ती वेगळीच. हा धडा असा लागला की पुढे फ्लोरिडात आधी सुमारे २७ हजार एकर जमीनच घेऊन टाकली, आणि १९७१मध्ये तिथलं पार्क उघडलं ते हॉटेलांसकट. त्यातल्या 'कंटेम्पररी'च्या खोल्या दुसरीकडे तयार करून, क्रेनने उचलून, कपाटाचे खण बसवावेत तशा सांगाड्यात सरकवल्या होत्या. शिवाय मोनोरेल इमारतीच्या पोटातूनच जाते. तिथे अजूनही मोनोरेल थांबते ती महागड्या हॉटेलांपाशीच; स्वस्तातून उतरलात की बहुधा बसथांबा.

हे गणित एकदा चुकलंही. १९९२मध्ये पॅरिसजवळ पार्क उघडताना एकदम पाच हजारांवर खोल्या बांधल्या. लोक सकाळी येत, पार्क बघत आणि रात्री परत जात. कित्येक खोल्या ओस. हे वाचून मला जो आनंद झाला तो सभ्य माणसाला शोभणारा नव्हता.

तरीही आम्ही आवारातच खोली घेतली. अर्थात 'स्टँडर्ड व्ह्यू'. पडदा सरकवला तर समोर पत्रे, क्रेन आणि अर्धी उभी राहिलेली इमारत. हॉटेल वाढत होतं.

दुसऱ्या दिवशी चिरंजिवांना झोपेतच कपडे चढवले आणि त्या सोन्याच्या अर्ध्या तासासाठी दारावर पोचलो. पाहतो तो अर्धा तास आधी आलेल्यांचीच ही भली मोठी रांग! जितक्या खोल्या वाढणार तितके हे मानकरीही वाढणार, एवढं साधं गणित मला कॅल्क्युलेटरवर सुचलं नव्हतं. पहिल्या पाळण्यात बसलो तेव्हा पार्क सगळ्यांसाठी उघडून दहा मिनिटं झाली होती.

निघताना काउंटरवर नव्या इमारतीचं पत्रक हातात पडलं. ही चालता चालता वाचत होती. एकदम थांबली.

"त्या खोल्यांना 'कोर्टयार्ड व्ह्यू' म्हणतात. आपल्या खोलीपेक्षा महाग आहेत."

"कोर्टयार्ड कुठाय तिथे?"

हिने वर बोट दाखवलं. आमच्या खिडकीच्या कठड्यावर चिरंजिवांची पोहायची चड्डी अजून वाळत होती.