दीड पट्टीचा दावा

श्रावणातल्या पावसात ताप आला, खोकला आला आणि मागोमाग न्यूमोनियाही आला. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला, "दवाखान्यात राहायची गरज नाही" म्हणाले आणि अमॉक्सिसिलिन लिहून दिलं. दिवसातून तीनदा, पाच दिवस. म्हणजे पंधरा गोळ्या.

औषधवाल्याला हिशेब पसंत पडला नाही. "दीड पट्टी? उरलेली अर्धी मी कुणाच्या गळ्यात घालू? दोन घ्या की हो." घेतल्या. तिथंच चुकलो.

आमची आई पानात शीत ठेवू देत नाही. वीस गोळ्या घरात आल्या म्हणजे वीस पोटात गेल्या पाहिजेत, हा तिचा कायदा. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, चौथ्या दिवशी मी कुंदा मागितला, पाचव्या रात्री पंधरावी गोळी घेऊन पट्टी बाजूला ठेवली. सहाव्या दिवशी सकाळी बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या गल्लीत बातमी फुटली : ह्यानं कोर्स अर्धा सोडला.

शेजारचे काका छत्रीसकट आत आले. दर 1 नोव्हेंबरला काळी फीत लावून सायकल फेरीत निघणारा माणूस. बेळगाव 1956 साली म्हैसूर राज्यात गेलं ते त्यांना अजून मान्य नाही आणि 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेल्या सीमेच्या दाव्याची तारीख ते घरच्या लग्नाच्या मुहूर्तासारखी विचारतात. त्यांच्यापुढं पाच दिवसांत काही संपलं म्हणणं हाच अपमान.

"काय करूलास रे? जंतू अर्धमेले राहिले की उलटून येतात!"

मी डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला. ते म्हणाले, पूर्वी आम्हीही सात-दहा दिवस द्यायचो. पुढं तुलना करून पाहिली, साध्या न्यूमोनियात थोडे दिवस दिलेले रोगीही तितकेच बरे झाले, म्हणून सूचना बदलल्या. अमेरिकेतल्या 2019 च्या सूचनांतही किमान पाच दिवस म्हटलंय. तोवर ताप उतरून श्वास, नाडी ठिकाणावर आली की बंद. जास्त दिवस खाल्लं तर पोटातले गरीब जंतूही औषधाला सरावतात.

"मग सात कुठनं आलं?" काका.

"रोमच्या कॉन्स्टंटाईन बादशहानं 321 साली रविवारची सुट्टी काढून सात दिवसांचा आठवडा पक्का केला, तिथून, असं आमच्यात चेष्टेनं म्हणतात."

काकांना बादशहा चालला नाही. "आणि टीबीला सहा महिने कशाला हो?"

"तो जंतू फार सावकाश वाढतो. घशाच्या एका जंतूलाही दहा दिवस देतो, पुढं हृदयाच्या झडपा बिघडू नयेत म्हणून. प्रत्येकाचा हिशेब वेगळा. उद्या ताप आला तर मात्र लगेच या."

फोन बंद झाला. काका बराच वेळ गप्प बसले. सीमाभागातला माणूस एवढा गप्प बसला की समजावं, पुनर्विचार याचिका येणार. ते उठून घरी गेले आणि बिस्किटांचा जुना डबा घेऊन आले. आत अर्ध्या, पाऊण, दोनच गोळ्या उरलेल्या पट्ट्या. काहींवरची तारीख उडालेली, एकीचं तर नावही.

"काका, हे कुणाचे कोर्स?"

"माझेच की. बरं वाटलं की कशाला खायचं उगाच?" डब्यात जागा करत ते म्हणाले, "त्या पाच इकडं दे. गुडघा लई दुखूलालाय."