नियतकालिकं आली, ती शोधून देणारा माणूस?

'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या योजनेवर महाराष्ट्रात चाललेली चर्चा मी ब्रिटनमधून वाचते आहे. सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी संशोधन नियतकालिकांची वर्गणी केंद्र सरकारने एकत्रितपणे भरायची, अशी ही योजना. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ला ती मंजूर केली. तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० संशोधन नियतकालिकं, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. एका बाजूचं म्हणणं, तालुक्याच्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलीलाही आता आयआयटीतल्या मुलाइतकंच वाचायला मिळेल. दुसरी बाजू विचारते, जग मुक्त प्रवेशाकडे, म्हणजे संशोधन कुणालाही फुकट वाचता येण्याकडे, निघालं असताना एवढा पैसा परदेशी प्रकाशकांना कशाला? मला दोन्ही बाजूंत तथ्य वाटतं. पण वाचक आणि नियतकालिक यांच्यामध्ये जो माणूस बसायला हवा, त्याच्याबद्दल दोन्हीकडे कोणी बोलत नाही.

मी इथल्या एका विद्यापीठात आरोग्यशास्त्रांची विषय-ग्रंथपाल आहे. पुस्तकांच्या देवघेवीशी माझा संबंध फार थोडा. वैद्यक, नर्सिंग आणि सार्वजनिक आरोग्य या विभागांत कोण कशावर काम करतंय हे मला ठाऊक असावं लागतं. काय विकत घ्यायचं, काय बंद करायचं, हे मी सुचवते. सगळ्यात जास्त वेळ मात्र शोध बांधण्यात जातो. एखाद्या उपचाराबद्दलचा जगभरातला पुरावा गोळा करून तपासायचा, याला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतात. त्यात महत्त्वाचा एखादा अभ्यास निसटला तरी निष्कर्ष फिरू शकतो.

उदाहरण कोकणातलंच देते. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध गुणकारी ठरतं, हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिलं; १९८६मध्ये त्यांचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आज या उपचाराचा पुरावा जमवायला बसलं, तर नुसतं 'स्कॉर्पियन स्टिंग' टाइप करून भागत नाही. कुणी 'एन्व्हेनोमेशन' लिहितो, तर कुणी 'स्कॉर्पिओनिझम'. आपल्याकडच्या लाल विंचवाचं शास्त्रीय नावही बदलत गेलं. जुन्या निबंधांत तो ब्यूथस टॅम्यूलस आहे, नंतरच्या मेसोब्यूथस आणि आता हॉटेन्टोटा. एकाच नावाने शोधलं तर कितीतरी काम यादीत येतच नाही, आणि ते आलेलं नाही हे पडद्यावर कळायला मार्ग नाही. शेकडो निकाल समोर आलेले असतात, संशोधकाला वाटतं सगळं मिळालं. हे टाळायचं तर 'मेडलाइन' या वैद्यकीय लेखांच्या सूचीत लेखांना ठरावीक विषयशीर्षकं कशी लावली जातात हे माहीत हवं, लेखकांनी स्वतः वापरलेल्या मुक्त शब्दांची जोड कुठे द्यायची हे कळायला हवं, आणि भारतातला विषय असेल तर 'शोधगंगा' या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले प्रबंधही चाळायला हवेत. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकून मग ग्रंथालयशास्त्राकडे वळले. ते शिक्षण मला रोज उपयोगी पडतं.

हे काम आता कृत्रिम बुद्धिमत्ता करेल, असंही तिकडे लिहिलं जातंय. चॅटबॉटने दिलेले, पण कुठेही प्रसिद्ध न झालेले लेख शोधून द्या, अशा विनंत्या आता ग्रंथपालांकडे येतात. लेख अस्तित्वातच नाही, हे खात्रीने सांगायलाही विषयाची जाण लागते.

इथलं सगळं आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांनी विषय-ग्रंथपालांची पदं मोडून त्याजागी कामानुसार चमू केले: एक शिकवणारा, एक संशोधनाला मदत करणारा. त्यात पैसा वाचला असेल, पण विभागाची माहिती असलेलं माणूस गेलं, आणि ती माहिती जमायला वर्षं लागतात. शिवाय इथे माझ्यासारख्यांची गणना बहुतेक ठिकाणी शिक्षकांत होत नाही, सेवाकर्मचाऱ्यांत होते. भारतात यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांनुसार महाविद्यालयीन ग्रंथपाल आणि सहायक प्राध्यापक एकाच वेतनस्तरावर रुजू होतात. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तिचं मोल आपल्याकडे ओळखलं गेलेलं नाही. अनेक महाविद्यालयांत हे पद वर्षानुवर्षं रिकामं असतं. जिथे भरलेलं असतं, तिथे पुस्तकांची पडताळणी, नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली आणि अभ्यासिकेची व्यवस्था यांतच तो माणूस संपून जातो. पात्रतेत ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी मागतात; रसायनशास्त्र, कायदा किंवा वैद्यक यातलं काही येतं का, हे विचारत नाहीत.

खरं तर हा विचार आपल्याकडे परका नाही. मद्रास विद्यापीठाने १९२४मध्ये ग्रंथपाल म्हणून नेमले ते एस. आर. रंगनाथन गणिताचे प्राध्यापक होते. १९३१मध्ये त्यांनी मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. १३,००० नियतकालिकांसमोर एकट्या बसलेल्या एमडीच्या विद्यार्थ्याचा वेळ आज कोण वाचवतंय?

प्रत्येक महाविद्यालयात असा माणूस मिळणार नाही, हे मला मान्य आहे. तशी गरजही नाही. विद्यापीठाने आपल्या केंद्रीय ग्रंथालयात चार-पाच विषयांचे ग्रंथपाल नेमावेत आणि त्यांनी संलग्न महाविद्यालयांना ऑनलाइन वेळ द्यावा. माझीही बरीचशी सल्लामसलत आता पडद्यावरूनच चालते. पैशाचा हिशेब मांडून पाहिला. ६,००० कोटींचा एक टक्का म्हणजे ६० कोटी, वर्षाला २० कोटी. सहायक प्राध्यापकाच्या स्तरावर सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. भत्ते आणि इतर खर्च मिळून एका पदाला वर्षाला १५ लाख धरले, तरी देशभरात १३० हून अधिक विषय-ग्रंथपाल नेमता येतात. सध्याची तरतूद २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी आहे. पुढच्या करारासाठी प्रकाशकांशी बोलणी सुरू होतील, तेव्हा सरकारने या पदांचा खर्च त्याच अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत मांडावा.