आमची गाडी अकोटातच संपते

सकाळी सकाळी डोकं सटकलंय, म्हणून आपल्या अकोला-खंडवा रेल्वेबद्दल लिहितोय. लंबी पोस्ट आहे, वेळ असेल तरच वाचा.

भाचा स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हात नोकरीला आहे. राहतो मात्र फ्रान्समध्ये, आनमास नावाच्या गावात, कारण जिनिव्हातलं घरभाडं आपल्या पोट्ट्यांना झेपण्यासारखं नाही. रोज रेल्वेनं जातो-येतो. काल रात्री त्यानं फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकला. गाडी बोगद्यात, लोक मोबाईलमध्ये मान घालून बसलेले, कोणी पासपोर्ट विचारत नाही, काही नाही, टिंग करून नेटवर्क बदलल्याचा मेसेज आला आणि याचा देश बदलला! वीस-पंचवीस मिनिटांत कोर्नाव्हँ, म्हणजे जिनिव्हाचं मेन स्टेशन. मस्त वाटलं पाहून. तर त्याच्याखाली आमच्या एका नातेवाईकानं लिहिलं (नाव घेत नाही, ते इथंही आहेत), "आपल्याकडे पॅसेंजरमध्ये बसते कोण आता, घरोघरी गाड्या झाल्या, तोट्याचा धंदा आहे तो." त्याला सात-आठ अंगठे. अंगठे कोणाचे, तर आमच्या अकोला जिल्ह्यातल्या अकोट-हिवरखेडच्याच लोकांचे. अरे बाप्पा!

आधी त्या गाडीबद्दल सांगतो, मग आपल्याकडे येतो. लेमान एक्स्प्रेस म्हणतात तिला. नाव एक्स्प्रेस, पण जीव पॅसेंजरचा, लहान लहान स्टेशनांवर थांबत जाते. एकूण २३० किलोमीटरचं जाळं, ४५ स्टेशनं, सहा लाइनी, काही स्वित्झर्लंडमध्ये काही फ्रान्समध्ये. स्वित्झर्लंडात फ्रँक चालतो, फ्रान्समध्ये युरो. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये पण नाही. इतकंच काय, वरच्या तारेतली वीजसुद्धा वेगळी, स्विस बाजूला १५ हजार व्होल्ट, फ्रेंच बाजूला २५ हजार. मग काय केलं? दोन्ही विजेवर चालणाऱ्या गाड्या घेतल्या. विषय संपला. तार वेगळी आहे म्हणून माणसांना सीमेवर उतरवून पायी नाही पाठवलं.

आता आपलं. अकोला-खंडवा मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची जुनी लाइन, अकोट-हिवरखेडवरून मध्य प्रदेशातल्या खंडव्याला जाणारी. ज्यांचं वय चाळिशीच्या वर आहे त्यांना सांगायची गरजच नाही, जयपूरहून काचीगुड्याला जाणारी मीनाक्षी याच रुळावरून जायची. माझी आत्या खंडव्याला दिलेली. निमाड (खंडव्याकडचा भाग) आणि वऱ्हाड यांच्यात सोयरिकी काही आजच्या नाहीत, मध्ये राज्याची सीमा आहे हे आम्हाला शाळेतल्या नकाशात कळलं. आत्या खंडव्याला बसायची ती थेट हिवरखेडला उतरायची, सोबत निमाडातल्या लाल मिरच्यांचं पोतं, आणि ते पोतं सीटखाली असलं की अर्धा डबा शिंकायचा. बाबा बैलगाडी घेऊन स्टेशनवर उभे. गाडी लेट असली तर बैल सोडून झाडाखाली आडवे.

एकदा मी तिच्यासोबत खंडव्याहून आलो होतो. धूळघाटला गाडी डोंगर उतरताना पूर्ण फेर घ्यायची, आपण आत्ता ज्या रुळावरून आलो तो वर दिसायचा. लोक त्याला चारचा आकडा म्हणायचे, ४ सारखा दिसतो म्हणून. आत्यानं मला खिडकीत धरून ठेवलं होतं आणि म्हणत होती, "पाह्य, पाह्य, तिकडून आलो आपन." वान रोड स्टेशनला कोरकू आदिवासी बाया टोपल्या घेऊन चढल्या, एकीनं मला चारोळ्या दिल्या मूठभर. तिकीट कोणाजवळ होतं, कोणाजवळ नव्हतं, देव जाणे. बरं, तोटा तिथंच झाला असेल म्हणा!

२०१७ च्या सुरुवातीला गाडी बंद केली, ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रूळ करायचे म्हणून. पुढच्या वर्षी आजी गेली. आत्याला फोन गेला पहाटे. ती खंडव्याहून भुसावळ, भुसावळहून अकोला, अकोल्याहून काळी-पिवळीत कोंबून घेत अकोट, तिथून आणखी एक गाडी. अंधार पडल्यावर पोचली. माती होऊन गेली होती. किती वेळ ठेवणार, उन्हाळ्याचे दिवस होते. अंगणात बसून ती रडली नाही, नुसतं म्हणाली, "पह्यले असती तं पोचलो असतो न."

हे "घरोघरी गाड्या झाल्या" म्हणणाऱ्यांना मी काय सांगू. आत्याच्या घरी मोटरसायकल आहे की. पासष्टीच्या बाईनं मागच्या सीटवर बसून मेळघाटच्या जंगलातून यायचं?

हो, मेळघाटचा मुद्दा आहे, माहीत आहे मला, जुना रूळ त्याच जंगलातून जायचा. वाघांचं घर आहे, व्याघ्र प्रकल्प १९७३-७४ पासूनचा, त्यातून ब्रॉडगेजच्या मोठ्या गाड्या धडधडत नेऊ नका म्हणणाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. वाघाला जागा सोडा. बाहेरून न्या, हिवरखेड, सोनाळा, जामोद करत खंडव्याकडच्या तुकईथड स्टेशनला काढा, तो मार्ग ठरलाच आहे, उलट त्यानं संग्रामपूर-जळगाव जामोदच्या लोकांना पहिल्यांदा रेल्वे दिसेल. पण वाघाचं नाव पुढे करून वर्षानुवर्षं फाइली या टेबलावरून त्या टेबलावर, हे वाघानं नाही सांगितलं कोणाला.

आणि मला माहितीये, कोणीतरी येऊन म्हणणार की स्वित्झर्लंड श्रीमंत देश आहे, तुलना कशी करता. घ्या. श्रीमंत आहेत. वर असंही म्हणा की त्यांनाही उशीरच झाला, जिनिव्हा आणि आनमास जोडायचा करार १९१२ चा आणि गाडी धावली १५ डिसेंबर २०१९ ला. शंभरावर वर्षं! उद्घाटनाच्या वेळी फ्रान्समध्ये रेल्वेचा संप, फ्रेंच बाजूला गाड्यांचे वांधे. तीन महिन्यांत कोरोना. तरी कोणी म्हटलं नाही की बसतं कोण, काढा रूळ. त्यांचाही एक जुना रूळ होता, १८८८ चा, आनमासहून जिनिव्हाच्या एका टोकाला ओ-व्हीवला येऊन संपायचा, बाकी शहर पार करायला दुसरी सोय बघा. २०११ ला तो बंद केला, खाली बोगदा खोदला, आठ वर्षांत पलीकडच्या रुळाला जोडून सुरू करून दिला. वरच्या मोकळ्या जागेत सायकलचा रस्ता पण केला. बंद करतानाच त्यांना माहीत होतं की चालू कशासाठी करायचा आहे. जिनिव्हात सीमेपलीकडून कामाला येणारे लाखाच्या घरात लोक आहेत, नर्स आहेत, हॉटेलात भांडी घासणारे आहेत, माझा भाचा आहे, ते वेळेवर पोचले नाही तर शहर ठप्प होतं. म्हणजे हिशोब तिकिटाचा नाही केला, माणसं पोचण्याचा केला.

आपल्याकडे २०२२ च्या नोव्हेंबरात अकोला-अकोट ब्रॉडगेज सुरू झालं. ४४ किलोमीटर. हार झाले, फुलं झाली, सेल्फी झाले, चांगलंच झालं, अकोल्याला शिकणाऱ्या पोरींना फायदा आहे, मी नाही म्हणत नाही. पण गाडी अकोटला येऊन उभी राहते आणि परत फिरते. पुढे काय? पुढे आमचे सोयरे राहतात ना भाऊ! खंडव्यावाले आपल्या आमदाराला विचारतात, तो म्हणतो महाराष्ट्राचं अडलंय. आपण विचारलं की मध्य प्रदेशाचं नाव. दिल्लीला दोघंही निवेदन देतात, निवेदनाचा फोटो मात्र वेळेवर येतो. दोन देशांचं जमलं आणि आमची दोन राज्यं एकाच सरकारच्या रेल्वेवर एकमेकांकडे बोट दाखवून राह्यली.

आता थोडा शांत झालोय. चहा घेतला मध्ये. त्या नातेवाईकांना मी ग्रुपवर काही बोललो नाही, कारण माणूस वाईट नाही, आजीच्या वेळी खांदा द्यायला तेच पहिले होते. पण काका, त्या दिवशी आत्या किती वाजता आली हे तुम्हीच सगळ्यांना सांगत होता ना? मग तोटा कोणाचा झाला ते पण सांगा एकदा.

तेल्हारा, संग्रामपूर, जळगाव जामोदकडचे जे कोणी यादीत असाल त्यांना एकच विनंती, पुढच्या खेपेला मत मागायला आले की भूमिपूजनाचा फोटो पाहू नका, गाडीचा टाइमटेबल मागा. खंडव्यापर्यंतचा. शेअर करायची तर करा, माझं नाव नाही टाकलं तरी चालते.