हंबरणारा नंदी

तान्ह्या पोळ्याला चार दिवस राहिले होते. पुतण्यानं लाकडी नंदीला चाकं बसवली, शिंगांना बेगड लावली आणि पेनड्राइव्ह माझ्या पुढ्यात ठेवला. "काकाजी, गेममधलं म्युझिक काढलं म्या. नंदीले स्पीकर बांधाचा हाय. वाजवून द्या न!"

सातबारा काढून देणारा, पीकविम्याचा फॉर्म भरून देणारा माणूस ही माझी गावातली ओळख. नाही म्हणायची सोय नव्हती.

पेनड्राइव्हवर हजारावर फायली. नावं नाहीत, नुसते लांबलचक नंबर, शेपटीला 'डब्ल्यूईएम'. प्लेअरनं पहिल्याच फायलीला तोंड फिरवलं. मग मी शेपटी खोडून 'वेव्ह' लिहिली. आता प्लेअर फाईल घ्यायचा, शून्य सेकंद दाखवायचा आणि गप्प. पोत्यावर तूर लिहून आतलं सोयाबीन अडत्याला खपत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला कळायला हवं होतं.

फाईल नोटपॅडमध्ये उघडली. सुरुवातीची चार अक्षरं वेव्ह फायलीचीच, 'आरआयएफएफ'. पुढं सगळा चिखल. शेवटी रात्री स्लॅबवर टाकीला टेकून बसलो (आमच्याकडं रेंज तिथंच उतरते), तेव्हा उलगडा झाला. बरेच गेमवाले 'वाइज' नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. ते आवाज व्हॉर्बिस नावाच्या पद्धतीनं दाबून भरतं आणि जागा वाचवायला, तो परत उलगडायला लागणारे तक्ते, म्हणजे कोडबुकं, फायलीतून काढून घेतं. म्हणजे पेटी ओळखीची, पण किल्ली गेमच्या घरी.

"भाऊजी, जेवाले या न," खालून वहिनी. "थे पोट्टं काई पयून नाई जात."

उपाय निघाला: फूबार२००० नावाचा प्लेअर आणि त्याला गेमचे आवाज वाचता यावेत म्हणून व्हीजीएमस्ट्रीमचा फुकटचा जोड. मध्यरात्री पहिली फाईल वाजली. टप्. दुसरी, टप्. गवतावरची पावलं, लाकडावरची पावलं, पाण्यातली पावलं. पन्नासेक टपटपी ऐकल्यावर सुचलं, की फायली आकारानं लावाव्या. सगळ्यात जाडजूड फाईल दाबली आणि गाणं लागलं! दोनदा फिरलं आणि दहा सेकंदांत विरून गेलं. गेममध्ये ते खेळाडू हलेपर्यंत गोल फिरत राहतं. इथं जोडानं दोन फेऱ्या धरलेल्या. मी २० केल्या, वेव्ह करून स्पीकरच्या कार्डात भरलं. झोपेच्या भरात सोबत एक दोन सेकंदांची फाईलही गेली.

तान्ह्या पोळ्याला पहिल्याच दारात पुतण्यानं बटण दाबलं. नंबर लहान म्हणून ती दोन सेकंदांचीच आधी लागली. गेममधल्या राक्षसाची डरकाळी.

"माय वं, याचा नंदी त हंबरते!" म्हातारीनं पाचाच्या जागी दहाचा बोजारा (नंदी घेऊन दारी आलेल्या पोराच्या हातावरचे पैसे) ठेवला.

संध्याकाळी पोट्टं खिसा वाजवत आलं. "काकाजी, थे गाणं पुसून टाका. अन् असे हंबरणारे अजून कितीक हायेत, पाहा न जरा."