बोअरच्या गाडीची नोंदणी हवीच

उन्हाळा लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: ‘जमीन आपली, पाणीही आपलं. बोअरवाल्याची नोंदणी म्हणजे पैसे खायचा धंदा. पाणी लागलं नाही तर आणखी खोल जा, लागतंच.’ टँकरला कंटाळलेली माणसं त्यावर विश्वास ठेवतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

जमीनमालकाचा पाण्यावरचा हक्क १८८२च्या कायद्यापासून मानला गेला आहे, पण तो अमर्याद नाही. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९चा. २०१४पासून तो लागू आहे. शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर त्याने मना केली आहे. खोदाईयंत्राच्या, म्हणजे बोअरच्या गाडीच्या, मालकाने नोंदणी केलीच पाहिजे, हेही त्याच कायद्यात आहे.

आता ‘पैसे खायचा धंदा’. उघडी, कोरडी बोअर पोरांचा जीव घेते. अशा अपघातांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये देशभरासाठी नियम घालून दिले: खोदाईच्या १५ दिवस आधी लेखी कळवायचं, खोदणारी एजन्सी नोंदणीकृत असावी, जागेवर मालकाचा आणि एजन्सीचा पत्ता लिहिलेला फलक हवा, भोवती कुंपण हवं, केसिंगभोवती (बोअरच्या वरच्या भागात घातलेल्या पाइपाभोवती) सिमेंटचा ओटा हवा, पंप काढला तर तोंड बंद करायचं आणि सोडून दिलेली बोअर तळापासून वरपर्यंत बुजवायची. आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या. रात्रीत बोअर मारून गाडी पुढच्या गावी जाते. कामगार कष्टाळू असतात, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण वरच्या मुरमात केसिंग कमी घातलं किंवा त्याच्या बाजूची फट भरली नाही, तर ड्रेनेजचं पाणी थेट बोअरमध्ये उतरतं. मुलं आजारी पडल्यावर जाब कुणाला विचारायचा? नोंदणी असेल तर निदान नाव-पत्ता हाती असतो.

‘खोल जा, लागतंच’ हे तर सगळ्यांत महागात पडतं. पुण्याखाली बेसॉल्टचा कातळ आहे. पाणी त्याच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं. खाली घट्ट कातळ लागला की पुढचे शंभर फूट नुसती धूळ उडते. गाडीवाला मात्र पैसे फुटावर घेतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे. भूजलाची माहिती तिथे मागावी.

ॲडव्हान्स देण्याआधी गाडीचा नोंदणी क्रमांक मागा, आणि बिलावर खोली व केसिंगची लांबी लिहून घ्या.