टेप लावून बोटातली फाटलेली पुली जुळत नाही

हंपीच्या खडकांवर चढायचा सीझन जवळ आला की क्लाइंबिंग करणाऱ्या मुलांमध्ये एक मजकूर हमखास फिरतो: ‘दुखतंय म्हणजे ताकद वाढतेय. टेप लावा, गोळी घ्या, चढत राहा. थांबलात की मेहनत वाया. टॉमी काल्डवेल तर बोट तुटूनही चढला.’ (काल्डवेल हा नावाजलेला अमेरिकी क्लाइंबर.) हे वाचून कोणीतरी आपलं बोट कायमचं बिघडवून घेईल, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी दुखण्याचं. हात भरून येतात, ग्रॅनाइटवर बोटांची सालं निघतात. ते दुखणं चढाईचाच भाग आहे. पण क्रिम्प, म्हणजे खडकाची बारीक कड बोटं दुमडून, धरताना बोटाच्या मुळाशी नेमक्या एका जागी कळ आली, ‘टक्’ असा आवाज झाला, मागाहून सूज आली, तर ती दुखापत आहे. बोट वाकवणाऱ्या कंडरेला हाडालगत धरून ठेवणारे आडवे पट्टे असतात, त्यांना पुली म्हणतात. बोटं पूर्ण दुमडून अंगठाही वर दाबलेल्या फुल क्रिम्पमध्ये ए-टू आणि ए-फोर या पुलींवर प्रचंड ताण येतो, आणि बहुतेक वेळा अनामिका किंवा मधलं बोट जातं. अर्धवट फाटलेल्या पुलीवर पुन्हा लटकलात तर ती पूर्ण तुटू शकते. शेजारच्याही तुटल्या, तर कंडरा धनुष्याच्या दोरीसारखी हाडापासून सुटते आणि गोष्ट ऑपरेशनपर्यंत जाते. यात ताकद कुठे वाढली?

टेपचा उपयोग आहे, पण बोट बरं होत असताना, आधार म्हणून. नुसती गोल गुंडाळलेली टेप पुलीवरचा भार फार थोडा कमी करते. गोळीचं तर त्याहून वाईट: कुठे थांबायचं हे सांगणारी कळच ती दाबून टाकते.

काल्डवेलची डाव्या हाताची तर्जनी २००१ साली करवतीने तुटली, हे खरं. पण जखम भरल्यावर तो उरलेल्या बोटांनी चढायला नव्याने शिकला. जानेवारी २०१५ मध्ये त्याने केव्हिन जॉर्गसनसोबत अमेरिकेतल्या एल कॅपिटान या प्रचंड कड्यावरची डॉन वॉल ही अतिशय अवघड वाट पूर्ण केली. त्याच चढाईत पंधराव्या पिचवर (चढाईच्या टप्प्यावर) जॉर्गसनच्या बोटांची कातडी फाटली, तेव्हा त्याने कातडी भरेपर्यंत भिंतीवरच विश्रांती घेतली आणि मगच ती पिच पार केली. हा दाखला थांबण्याच्याच बाजूने आहे.

थांबल्याने मेहनत वाया जाते? पुलीला किरकोळ इजा असेल तर साधारण दीड महिना, पूर्ण तुटली असेल तर तीन महिने किंवा अधिक लागतात. बोट कित्येक आठवडे जखडून ठेवणंही चुकीचं, एवढं मात्र मान्य. डॉक्टर किंवा फिजिओच्या सल्ल्याने हलकी हालचाल लवकर सुरू करावी. लांबून आलोय, सुट्टी दोनच दिवसांची आहे, हे दडपण मला कळतं; फाटलेल्या पुलीला ते कळत नाही.

घोट्याचंही तेच. बोल्डरिंगमध्ये, म्हणजे दोराशिवाय बुटक्या खडकांवर चढताना, प्रत्येक पडणं जमिनीवरच असतं, आणि मुरगळलेला पाय खाली अंथरलेल्या गादीच्या (क्रॅश पॅडच्या) कडेवर पुन्हा वळतो. चार पावलं टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांची. त्यांच्या बोटांची हाडं अजून वाढत असतात, आणि पुलीच्या आधी मधल्या सांध्याजवळची वाढीची जागाच मोडू शकते. तिथे आवाज होत नाही, फक्त सांध्यावर बोटाच्या पाठीकडच्या बाजूला हळूहळू दुखू लागतं. तसंच चढत राहिलं तर बोट वाकडं वाढू शकतं. तुमच्यासोबतचं पोर असं काही म्हणालं, तर त्याची चढाई त्याच दिवशी बंद करा आणि हाताच्या डॉक्टरांना दाखवा.