जलद वाजवू नका, असं खुद्द जॉप्लिनच सांगून गेलाय

रॅगटाइम या जुन्या अमेरिकन पियानोसंगीतातली, संगीतकार स्कॉट जॉप्लिनची 'द एंटरटेनर' ही धून लावलेली एक छोटी चित्रफीत सध्या बरीच फिरते आहे. खालचा मजकूर असा: 'रॅगटाइम म्हणजे दारूच्या गुत्त्यात भरधाव बडवायचा पियानो. जॅझची ही बालवाडी. स्कॉट जॉप्लिन या एकाच माणसाने ती चालवली; 1917 साली तो गेला आणि सगळं संपलं. पुढे एका सिनेमाने जरा धुगधुगी आणली, इतकंच.' वाचायला झकास आहे, पण यातलं पूर्ण खरं एवढंच की जॉप्लिन 1917 साली वारला.

आधी 'भरधाव'. 'द एंटरटेनर'ची स्वरलिपी 1902 साली छापून आली, तेव्हा तिच्या माथ्यावरच लयीची सूचना होती: जलद नको. पुढच्या कितीतरी रचनांवर जॉप्लिनने ठळक इशारा छापून घेतला की रॅगटाइम जलद वाजवणं कधीच योग्य नाही. माणूस वैतागला असणार! आपल्याकडे ठेका आणि गाणं यांचं नातं ज्याला माहीत आहे, त्याला यामागचं कारण लगेच कळेल. डावा हात ठेका धरून बसतो, तसूभर हलत नाही. उजवा हात मात्र जोर द्यायचा तो मात्रेच्या किंचित अलीकडे नाहीतर पलीकडे देतो. सगळी लज्जत या ओढाताणीत आहे. लय चढवली की ती ऐकूच येत नाही, उरतो खडखडाट. (रॅगचा आपल्या रागाशी संबंध नाही. 'रॅग्ड', म्हणजे फाटक्या काठाची लय, अशी व्युत्पत्ती साधारण मानली जाते.) मग हा भरधाव पियानो आपल्या कानात आला कुठून? त्यात 1950 च्या दशकातल्या तबकड्यांचा मोठा हात आहे. जुनाट गुत्त्याचा आवाज यावा म्हणून पियानोच्या हातोड्यांना चक्क टाचण्या टोचत आणि वर वेगाने वाजवत.

'गुत्त्यात' हे अर्धं खरं आहे. अमेरिकेच्या मिझुरी राज्यातल्या सेडेलिया गावात जॉप्लिन क्लबांत वाजवायचा, तिथे दारूही होती आणि जुगारही. पण 1899 मध्ये प्रकाशक जॉन स्टार्कने जॉप्लिनची 'मेपल लीफ रॅग' छापली ती विकण्यासाठी, आणि करारानुसार जॉप्लिनला दर प्रतीमागे एक सेंट मिळायचा. स्वरलिपीच्या अशा प्रती विकत घेऊन वाजवणारी माणसं बरीचशी घरातल्या दिवाणखान्यातली होती, त्यांत मुली पुष्कळ. काही जणी स्वतःच रचू लागल्या. इंडियानापोलिसच्या मे ऑफडरहाइडची 'डस्टी रॅग' 1908 ची आहे.

'जॅझची बालवाडी' हे मला सगळ्यांत खटकतं. जॅझने इथून खूप उचललं हे मान्य. जॅझ पियानोवादक जेली रोल मॉर्टनने 1938 साली लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी 'मेपल लीफ' आधी जुन्या ढंगात आणि मग आपल्या ढंगात वाजवून फरकच दाखवला. पण मुळात ही लिहिलेली, बांधलेली रचना आहे. सोळा-सोळा मापांचे बहुधा चार भाग असतात, आणि तिसऱ्याला स्वरपट्टी बदलते, तिथे खोलीतला उजेड बदलल्यासारखं वाटतं. उत्स्फूर्त वाजवणं हा तिचा उद्देशच नव्हे. बंदिशीला कुणी आलापाची बालवाडी म्हणत नाही.

आता 'एकच माणूस'. जेम्स स्कॉट या दुसऱ्या रॅगटाइम रचनाकाराची 'ग्रेस अँड ब्यूटी' (1909) ऐका, मग बोलू. आणि जोसेफ लॅम्ब! न्यू जर्सीत जन्मलेला गोरा पोरगा, त्याच प्रकाशक स्टार्कच्या न्यूयॉर्कमधल्या कचेरीत जॉप्लिनच्या रचना विकत घ्यायला जायचा. तिथेच त्याची जॉप्लिनशी गाठ पडली. त्याची 'सेन्सेशन' खपावी म्हणून जॉप्लिनने 1908 साली तिच्यावर संयोजक म्हणून आपलं नाव घालू दिलं. पुढे लॅम्बने ब्रुकलिनमध्ये संसार केला, नोकरी केली, आणि जग त्याला विसरलं. अभ्यासकांनी त्याला शोधून काढलं तेव्हा म्हाताऱ्याची बोटं अजून चालत होती. 1959 साली त्याचं वादन ध्वनिमुद्रित झालं. पुढच्याच वर्षी तो गेला.

'सगळं संपलं' याला तर लॅम्बच उत्तर आहे. जुना रॅगटाइम पियानोवादक युबी ब्लेक नव्वदी ओलांडूनही मैफली करत होता. त्याच्याकडून शिकलेल्या विल्यम बोलकम या संगीतकाराने 1970 मध्ये 'ग्रेसफुल घोस्ट रॅग' लिहिली. ती आजही मैफलींत वाजते. शिकागोचा रेजिनाल्ड रॉबिन्सन नव्या रॅग रचतो, त्याला 2004 साली मॅकार्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला.

राहिला सिनेमा. 'द एंटरटेनर' वापरणारा 'द स्टिंग' आला 1973 साली. पियानोवादक जोशुआ रिफ्किनने जॉप्लिन संथ, जपून वाजवलेली तबकडी 1970 ची. जॉप्लिनचा 'ट्रीमोनिशा' हा ऑपेरा अटलांटात पूर्ण रंगमंचावर आला तो 1972 साली. म्हणजे सिनेमा आला तेव्हा रोगी उठून बसलेला होता. आणि त्याच सिनेमात जॉप्लिनची 'सोलेस'ही आहे, अतिशय संथ. ती कुणी चित्रफितीला लावत नाही.